ॲडमिरल फिट्झरॉय आणि वादळाचा बावटा

पावसाळ्याच्या तोंडावर वर्तमानपत्रात एक छोटीशी बातमी हटकून येते : ‘बंदरावर तीन नंबरचा बावटा लावण्यात आला आहे.’ तुमच्यापैकी जे कोकणात किंवा गोव्यात राहतात, त्यांना या बातमीचा अर्थ सांगायला नको. होड्या खाडीत आणून बांधल्या जातात, वाळत घातलेली जाळी गोळा होतात आणि घरातला माणूस समुद्रावर असेल, तर म्हाताऱ्याकोताऱ्यांची नजर पाण्याकडे लागते. पण विद्यार्थी मित्रांनो, बंदरावर जाऊन तुम्ही हा बावटा शोधू लागलात, तर तिथे कापडी निशाण दिसणार नाही. उंच खांबावर दिवसा शंकू आणि नळकांडी टांगतात आणि रात्री तांबडे-पांढरे दिवे लावतात. निशाण सोडून शंकू आणि नळकांडी का बरे? हे डोके कोणी चालवले?

ते चालवले ब्रिटिश आरमारातील एका अधिकाऱ्याने. त्याचे नाव रॉबर्ट फिट्झरॉय. चार्ल्स डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजातून पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, त्या जहाजाचा हा कप्तान. जीवशास्त्राच्या पुस्तकात त्याचे नाव डार्विनच्या मागे एका ओळीत येते आणि संपते. माझ्यासारख्या पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याला मात्र हा माणूस फार जवळचा वाटतो. साधा वायुभारमापक, घड्याळ आणि तारायंत्र ही तीन साधने हाताशी घेऊन त्याने जे केले, त्याचा उपयोग आजही दररोज समुद्रावर होतो.

फिट्झरॉयचा जन्म ५ जुलै १८०५ रोजी इंग्लंडमधील सफोक परगण्यात एका उमराव घराण्यात झाला. बाराव्या वर्षी, म्हणजे तुमच्या सातवीच्या वयात, तो पोर्ट्समथच्या आरमारी विद्यालयात दाखल झाला. तिथे त्याने गणितात चमक दाखवली आणि १८२४ मध्ये लेफ्टनंटच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवले. तोपर्यंत हे कोणालाच जमले नव्हते. पुढे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर ॲडमिरल ओटवे यांचा सहायक म्हणून तो काम करू लागला.

याच सुमारास दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, मॅगेलनच्या सामुद्रधुनीत, ‘बीगल’ हे जेमतेम ९० फूट लांबीचे जहाज किनाऱ्याचे नकाशे काढीत होते. सततचा पाऊस, थंडी, वादळे आणि एकटेपणा यांनी खचून जाऊन त्याचा कप्तान स्टोक्स याने १८२८ मध्ये आत्महत्या केली. रिकाम्या झालेल्या जागेवर ओटवे यांनी फिट्झरॉयला नेमले. त्या वेळी त्याचे वय होते २३ वर्षे.

कप्तान होऊन दोन महिनेही झाले नसतील. जानेवारी १८२९ मध्ये ‘बीगल’ प्लाटा नदीच्या मुखाजवळ माल्दोनादोच्या आसपास होते. त्या भागात ‘पांपेरो’ नावाचा वारा अचानक जमिनीवरून समुद्रावर झेपावतो. वायुभारमापकातला पारा उतरला होता, पण शिडे वेळीच उतरवली गेली नाहीत. वाऱ्याचा तडाखा बसला, जहाज कुशीवर आडवे झाले, डोलकाठ्यांचे वरचे भाग मोडून पडले. जहाज कसेबसे सावरले, परंतु दोन खलाशी समुद्रात गेले ते गेलेच. फिट्झरॉयने पुढली छत्तीस वर्षे पाऱ्याकडे कधीही दुर्लक्ष केले नाही.

पारा काय सांगतो?

आता जरा थांबून पाऱ्याचे हे बोलणे समजून घेऊ. एक मीटर लांबीची, एका टोकाला बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उलटी उभी केली, तर पारा सुमारे ७६ सेंटिमीटरवर येऊन थांबतो, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. त्याला तोलून धरते ती बाहेरची हवा. आपल्या डोक्यावरील हवेचे वजन दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम भरते. पारा दोन सेंटिमीटर उतरला, तर दर चौरस सेंटिमीटरवरचे वजन सुमारे २७ ग्रॅमनी कमी झाले. हा आकडा क्षुल्लक वाटतो ना? मग एक चौरस मीटरचा हिशेब करा. तिथे २७० किलोग्रॅम कमी झाले! आणि हे शेकडो किलोमीटर पसरलेल्या प्रदेशावर घडत असते.

एका जागी हवेचा दाब असा कमी झाला की भोवतालची, जास्त दाबाची हवा तिकडे धाव घेते. तिचे धावणे म्हणजेच वारा. पण ती सरळ आत शिरत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वाहती हवा आपल्या उजव्या हाताला वळते. चहूबाजूंनी येणारे वारे असे उजवीकडे वळले, तर मधल्या कमी दाबाभोवती ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गरगरू लागतात. कागदावर बाण काढून पाहा, लगेच पटेल. दक्षिण गोलार्धात याच्या उलट. हॉलंडमधील बाइस बॅलट या शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये हा नियम सोपा करून सांगितला : उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाबाचे केंद्र तुमच्या डाव्या बाजूला असेल. खलाशाला एवढे कळले तरी वादळापासून कोणत्या दिशेला पळावे हे ठरवता येते.

जहाजावर पाऱ्याचा वायुभारमापक वापरण्यात एक अडचण असते. जहाज लाटांवर वरखाली होते आणि पाराही नळीत सारखा उड्या मारतो. यावर उपाय म्हणून सागरी वायुभारमापकाच्या नळीचा काही भाग अगदी अरुंद ठेवतात. तिथून पारा हळूहळूच सरकू शकतो, त्यामुळे क्षणाक्षणाचे हेलकावे जिरतात आणि तासातासाने होणारा खरा बदल मात्र दिसतो.

बावीस घड्याळे

२७ डिसेंबर १८३१ रोजी फिट्झरॉय ‘बीगल’ घेऊन दुसऱ्यांदा निघाला. या सफरीवर २२ वर्षांचा डार्विन बरोबर होता. त्याला नेण्यामागे फिट्झरॉयचा एक खाजगी हेतूही होता. स्टोक्सचे काय झाले ते त्याला माहीत होते. त्याच्या स्वतःच्या मामानेही १८२२ मध्ये आत्महत्या केली होती. कप्तानाने खलाशांमध्ये फार मिसळायचे नाही, असा आरमाराचा शिरस्ता. तेव्हा चार शहाण्या गोष्टी बोलायला, एका टेबलावर जेवायला कोणीतरी सुशिक्षित सोबती हवा, असे त्याने मनाशी घेतले. फिट्झरॉयचा स्वभाव मात्र भयंकर तापट. ‘आज सकाळी कढत कॉफी किती वाटली गेली?’ असे खालचे अधिकारी एकमेकांना हळूच विचारीत. म्हणजे साहेबांचा पारा किती चढला आहे, हे अजमावायचे!

डार्विनने त्या सफरीत काय काय गोळा केले, ते तुम्ही दुसरीकडे वाचाल. आपण जहाजाच्या दुसऱ्या एका खोलीत डोकावू. तिथे भुशात बसवलेल्या पेट्यांमध्ये २२ क्रोनोमीटर, म्हणजे अत्यंत अचूक घड्याळे, टिकटिकत होती. एवढी घड्याळे कशाला? रेखांश मोजायला. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. तुमच्या ठिकाणी सूर्य डोक्यावर आला, तेव्हा ग्रिनिचची वेळ दाखवणारे घड्याळ दुपारचे ३ वाजल्याचे सांगत असेल, तर तुम्ही ग्रिनिचच्या पश्चिमेला ४५ अंशांवर आहात. हिशेब सोपा, पण घड्याळ चोख हवे. वेळेत ४ सेकंदांची चूक झाली, तर विषुववृत्तावर जागा सुमारे १.८५ किलोमीटरने चुकते. समजा, एखादे घड्याळ दिवसाला एकच सेकंद चुकते आणि ती चूक आपल्याला माहीत नाही. महिन्याने ३० सेकंद चुकतील आणि जहाज नकाशावर १४ किलोमीटर सरकलेले दिसेल. अंधाऱ्या रात्री खडक चुकवायला एवढे अंतर फारच झाले.

घड्याळ एकच असेल, तर ते चुकले हे कळणारच नाही. दोन असतील आणि त्यांच्यात फरक पडला, तर चुकले कोणते हे कळणार नाही. बावीस असली म्हणजे बिघडलेले घड्याळ आपोआप उघडे पडते. सरकारने सगळी घड्याळे दिली नाहीत, तेव्हा उरलेली काही फिट्झरॉयने पदरच्या पैशाने घेतली. जवळजवळ पाच वर्षांनी, २ ऑक्टोबर १८३६ रोजी जहाज परत आले. वाटेतल्या एका बंदरापासून पुढच्या बंदरापर्यंतचे वेळेचे फरक त्याने ओळीने मांडले होते. पृथ्वीला पूर्ण फेरी झाल्यावर या सर्वांची बेरीज बरोबर २४ तास यायला हवी. ती आली २४ तास आणि सुमारे ३३ सेकंद! उष्ण कटिबंधातला उन्हाळा, हॉर्नच्या टोकाची थंडी, वादळांचे हिसके हे सगळे सोसून ३३ सेकंद. प्रयोगवहीत उत्तर जुळत नाही म्हणून शेवटचा आकडा खोडून ‘बरोबर’ आकडा लिहिणारे विद्यार्थी मी दर वर्षी पाहतो. फिट्झरॉयने ते ३३ सेकंद तसेच छापले.

याच सफरीत आणखी दोन गोष्टी झाल्या. आरमाराच्या नकाशा खात्याचे प्रमुख ब्यूफर्ट यांनी वाऱ्याच्या जोराला ० ते १२ असे अंक देणारी पद्धत तयार केली होती. तिचा सरकारी कामात पद्धतशीर वापर प्रथम ‘बीगल’वर झाला. आणि डोलकाठ्यांना तांब्याच्या पट्ट्यांचे वीजवाहक बसवले होते. जहाजावर वीज पडूनही काही बिघडले नाही, अशी नोंद आहे. नकाशे तर इतके चोख निघाले की रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १८३७ मध्ये त्याला सुवर्णपदक दिले.

यानंतरची काही वर्षे आपण भराभर ओलांडू. १८४१ मध्ये तो पार्लमेंटचा सभासद झाला. १८४३ मध्ये न्यूझीलंडचा गव्हर्नर म्हणून गेला. तिथे जमिनीवरून गोरे वसाहतवाले आणि मूळचे माओरी लोक यांच्यात रक्तपात झाला होता. आगळीक वसाहतवाल्यांचीच होती, असे नव्या गव्हर्नराने सांगून टाकले. मग काय होणार? १८४५ मध्ये त्याला परत बोलावण्यात आले. १८५० मध्ये प्रकृतीच्या कारणावरून त्याने प्रत्यक्ष आरमारी नोकरी सोडली, आणि १८५१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला. बढत्या मात्र ज्येष्ठतेप्रमाणे मिळत राहिल्या. १८५७ मध्ये तो रिअर ॲडमिरल आणि १८६३ मध्ये व्हाइस ॲडमिरल झाला. पण त्याचे सर्वांत मोठे काम ना जहाजावर झाले, ना राजवाड्यात. ते झाले लंडनमधील एका लहानशा कचेरीत.

तारेचा वेग आणि वादळाचा वेग

१८५३ मध्ये ब्रुसेल्सला सागरी राष्ट्रांची एक परिषद भरली. सर्व जहाजांनी वारा, दाब आणि तापमान यांच्या नोंदी एकाच पद्धतीने ठेवाव्यात, असे तिथे ठरले. त्यानुसार १८५४ मध्ये ब्रिटनच्या व्यापार मंडळाने एक कचेरी उघडली आणि फिट्झरॉयला तिचा प्रमुख नेमले. हाताखाली मोजकेच कारकून. काम एवढेच, की जहाजांच्या नोंदवह्या गोळा करायच्या आणि कोष्टके बनवायची. उद्याचे हवामान सांगणे कोणाच्या मनातही नव्हते. त्याच वर्षी पार्लमेंटमध्ये एक सभासद म्हणाले की, लंडनचे हवामान चोवीस तास आधी कळू शकेल असे दिवस येतील. त्यावर सभागृहात हशा पिकला!

फिट्झरॉयने कोष्टके केलीच, पण त्याला कोळ्यांची काळजी होती. मोठ्या जहाजांना वायुभारमापक परवडे, गरीब मच्छीमारांना तो कुठला परवडणार? त्याने मजबूत, सोप्या बनावटीचे वायुभारमापक किनाऱ्यावरच्या गावांना देण्याची व्यवस्था केली. गावच्या भिंतीत, सगळ्यांना येता-जाता दिसेल असा वायुभारमापक बसवायचा आणि बाजूला साध्या भाषेत सूचना लिहायच्या. स्कॉटलंडच्या काही गावांत हे वायुभारमापक आजही भिंतीत आहेत.

तरीही एका जागचा वायुभारमापक त्या जागेपुरतेच सांगतो. याहून अधिक काही करता येईल का, याचे उत्तर एका भयंकर रात्रीने दिले.

ऑक्टोबर १८५९. ‘रॉयल चार्टर’ नावाचे लोखंडी जहाज ऑस्ट्रेलियातील मेलबर्नहून लिव्हरपूलला परत येत होते. दोन महिन्यांचा प्रवास जवळजवळ संपला होता. सोन्याच्या खाणींत कमावलेले सोने घेऊन माणसे घरी चालली होती. २५ तारखेच्या संध्याकाळी वेल्सच्या अँग्लसी बेटाजवळ वादळाने त्यांना गाठले. नांगर टाकले, ते तुटले. इंजिनाचा जोर पुरेना. पहाटे जहाज खडकांवर आपटून फुटले. सुमारे ४५० माणसे बुडाली, किनारा काही मीटरांवर असताना बुडाली. वाचली ती चाळीसच्या आसपास. त्या एका वादळात ब्रिटनच्या किनाऱ्यावर १३३ जहाजे नष्ट झाली आणि सुमारे ८०० माणसे प्राणांस मुकली.

फिट्झरॉयने ठिकठिकाणच्या दीपगृहांतून आणि वेधशाळांतून त्या दोन दिवसांच्या नोंदी मागवल्या, आणि तासातासाचे दाब व वारे नकाशांवर मांडले. चित्र स्वच्छ दिसू लागले. मध्ये कमी दाब, भोवती गरगरणारे वारे आणि हे सगळे चक्र दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत चाललेले. जे वादळ वेल्सला रात्री पोहोचले, ते काही तासांपूर्वी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर होते. तिथल्या लोकांनी ते पाहिले होते, पण उत्तरेकडच्यांना ते सांगणार कोण?

आता एक हिशेब करा. समजा, वादळाचे केंद्र ताशी ४० किलोमीटर वेगाने सरकत आहे. वाऱ्याचा वेग याहून पुष्कळ अधिक असतो, पण वाऱ्याचे गरगरणे वेगळे आणि आख्ख्या चक्राचे पुढे सरकणे वेगळे. भोवरा गरगर फिरतो, पण जमिनीवर सावकाश सरकतो, तसे. दक्षिणेकडचे प्लिमथ बंदर आणि अँग्लसी बेट यांत सरळ अंतर सुमारे ३३० किलोमीटर. म्हणजे वादळाला आठ तास लागणार. घोडेस्वाराला आठ तासांत हे अंतर तोडता येणार नाही. त्या काळच्या आगगाडीलाही ते कठीण. पण तारेतून जाणारा विजेचा संदेश? तो क्षणात पोहोचतो, आणि तारायंत्राचे जाळे तोपर्यंत देशभर विणले गेले होते. इतिहासात पहिल्यांदाच बातमी वादळापेक्षा जलद धावू शकत होती. हवामानशास्त्राला जन्म कोणत्या शोधाने दिला, असे कोणी विचारले, तर मी वायुभारमापकाच्या आधी तारायंत्राचे नाव घेईन. हे मत सर्वांना मान्य होईलच असे नाही.

फिट्झरॉयने किनाऱ्यावरील सुमारे पंधरा ठाण्यांवरून रोज सकाळी तारेने दाब, तापमान, वाऱ्याची दिशा व जोर मागवायला सुरुवात केली. नोंदी नकाशावर मांडायच्या, कालच्या नकाशाशी ताडायच्या आणि धोका दिसला तर त्या त्या बंदराला तार करायची. असा पहिला इशारा ६ फेब्रुवारी १८६१ रोजी दिला गेला.

तार बंदरात पोहोचली. पुढे काय? समुद्रावर असलेल्या होडीला ती कशी कळवायची? इथे येतो आपला शंकू. निशाणाचे दोष पाहा. वारा नसला की ते लोंबते. वारा सुटला की ते वाऱ्याच्या दिशेने उडते आणि त्याच रेषेत उभ्या असलेल्या माणसाला फक्त त्याची कड दिसते. दूरवरून रंगही ओळखू येत नाही. आता शंकू घ्या. तो कोणत्याही बाजूने पाहा, त्रिकोणच दिसतो. पिंप कोणत्याही बाजूने पाहा, चौकोनच दिसतो. वारा कुठूनही वाहो, आकृती बदलत नाही. भूमितीच्या तासाला शिकलेली ही गोष्ट अशी कामी येते. काळ्या कॅनव्हासचे शंकू आणि पिंप डोलकाठीवर चढवायचे, अशी त्याची योजना होती. शंकूचे टोक वर असेल तर वादळी वारा उत्तरेकडून येणार, टोक खाली असेल तर दक्षिणेकडून. नुसते पिंप दिसले तर एकामागून एक निरनिराळ्या दिशांनी वारे सुटणार. पिंप आणि शंकू दोन्ही दिसले तर वारा फार धोक्याचा. रात्री त्याच त्रिकोणाच्या आणि चौकोनाच्या आकारात कंदील टांगायचे. ना अक्षरओळख हवी, ना दुर्बीण.

अंदाज की भविष्य?

वादळाच्या इशाऱ्यासाठी रोज नकाशा बनतोच आहे, तर उद्या हवा साधारण कशी राहील हेही सांगावे, असे त्याने ठरवले. १ ऑगस्ट १८६१ रोजी लंडनच्या ‘टाइम्स’ने त्याचे पहिले हवामानवृत्त छापले. त्याला काय म्हणायचे यावर त्याने बराच विचार केला होता. हे भविष्यकथन नव्हे, भाकीत नव्हे, असे तो बजावून सांगे. त्यासाठी त्याने ‘फोरकास्ट’ हा शब्द रूढ केला. मराठीत आपण म्हणतो ‘हवामानाचा अंदाज’. अंदाज या शब्दातच चुकण्याची शक्यता कबूल केलेली आहे. पण लोक ते ध्यानात घेत नाहीत. आपल्याकडेही पंचांगातील नक्षत्राचे वाहन आणि वेधशाळेचा अंदाज एकाच तागडीत तोलणारे आहेतच. फरक एवढाच, की पंचांग चुकले तर कोणी हसत नाही.

अंदाज चुकला की वर्तमानपत्रे टोमणे मारीत. ‘टाइम्स’सुद्धा, आणि तोच तर अंदाज छापत होता! मासेमारीच्या ताफ्यांचे काही मालक वैतागले, कारण शंकू चढला की खलाशी होड्या बाहेर काढायला नकार देत, आणि वारा सुटलाच नाही तर दिवस फुकट जाई. हा वैताग अगदीच खोटा नव्हता. हातावर पोट असलेल्या माणसाला एक दिवसही जड जातो. शास्त्रज्ञांची तक्रार वेगळी होती. वातावरणाच्या हालचालींचे नियम अजून कळलेले नाहीत, मग उद्याचे कशाच्या बळावर सांगता, असे ते विचारीत. त्यांचे म्हणणे तर्काला धरून होते. फिट्झरॉयच्या सिद्धान्तात कच्चे दुवे होते. चंद्र-सूर्यांच्या आकर्षणाचा हवेवर तो मानी तितका परिणाम होत नाही. मात्र ध्रुवाकडून येणारी थंड हवा आणि विषुववृत्ताकडून येणारी उबदार हवा यांच्या झगड्यातून त्या प्रदेशातील वादळे जन्मतात, ही त्याची कल्पना काळाच्या पुढे होती. पहिल्या महायुद्धानंतर नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी तशाच विचारातून हवेच्या ‘आघाड्यां’चा सिद्धान्त उभा केला.

अंदाज चुकण्याचे एक कारण तर भूगोलातच होते. ब्रिटनकडे हवामान बहुतेक पश्चिमेकडून, अटलांटिक महासागरावरून येते. पश्चिमेचे शेवटचे ठाणे आयर्लंडच्या किनाऱ्यावर. त्याच्यापलीकडे नुसते पाणी. जहाजांवर बिनतारी यंत्र यायला अजून चाळीस वर्षे अवकाश होता. खिडकी नसलेल्या भिंतीपलीकडे काय चालले आहे, ते फिट्झरॉयने ओळखायचे होते! १८६३ मध्ये त्याने हवामानावरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले, तेही सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत.

काम वाढत गेले, ऐकू कमी येऊ लागले, झोप उडाली. घरची सगळी संपत्ती सार्वजनिक कामात खर्च होऊन गेली होती. टीका तो मनाला फार लावून घेई. आज अशा अवस्थेला आपण मनाचा आजार म्हणतो आणि त्यावर डॉक्टरांकडे उपाय असतात. त्या काळी ते नव्हते. ३० एप्रिल १८६५ रोजी, वयाच्या ५९ व्या वर्षी, फिट्झरॉयने स्वतःचे आयुष्य संपवले. त्याच्यामागे कुटुंबाजवळ काही उरले नव्हते. मित्रांनी निधी जमवला आणि डार्विनने त्यात १०० पौंड घातले. उत्क्रांतीच्या प्रश्नावरून दोघांचे विचार पार तुटले होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या शंभर पौंडांचे मोल कळते.

नंतर या कामाची चौकशी करण्यासाठी समिती बसली. शास्त्रीय पाया पुरेसा नाही, असा तिचा निष्कर्ष निघाला आणि १८६६ मध्ये वर्तमानपत्रांतले अंदाज बंद झाले. वादळाचे इशारेही थांबवले. मग मात्र बंदरा-बंदरांतून ओरड सुरू झाली. शंकूवर विसंबून ज्यांनी जीव वाचवले होते, त्यांना सिद्धान्त कच्चा की पक्का याच्याशी काय कर्तव्य? सुमारे वर्षभरात शंकू पुन्हा डोलकाठीवर चढले. रोजचे अंदाज छापून यायला १८७९ साल उजाडावे लागले.

आपल्या देशात या विषयाला चालना मिळाली तीही एका संकटानेच. ऑक्टोबर १८६४ मध्ये कलकत्त्याला प्रचंड चक्रीवादळ झाले. दुसऱ्याच वर्षी त्या बंदरासाठी वादळाच्या इशाऱ्यांची व्यवस्था सुरू झाली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामानखाते स्थापन झाले. आपल्या बंदरांवरच्या इशाऱ्यांना १ ते ११ असे क्रमांक आहेत. म्हणून तर ‘तीन नंबरचा बावटा’! आज उपग्रह आहेत, रडार आहेत, मच्छीमारांच्या मोबाइलवर संदेश येतात. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, ते दोन-तीन दिवस आधीपासून नकाशावर दिसत होते. पण इशारा देणे निराळे आणि तो मानला जाणे निराळे. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळाचे इशारे कित्येक दिवस येत होते. तरीही मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ ही तराफा-नौका समुद्रात राहिली, बुडाली आणि सत्तरांहून अधिक माणसे गेली.

ब्रिटिश नभोवाणीवर जहाजांसाठी रोज हवामानवृत्त देतात. त्यात समुद्राचे विभाग पाडून प्रत्येकाला नाव दिलेले असते. २००२ मध्ये स्पेनच्या वायव्येकडील एका विभागाचे जुने नाव बदलून ‘फिट्झरॉय’ ठेवण्यात आले.

तुमच्या शाळेत वायुभारमापक असेल, तर गुरुजींच्या परवानगीने आठवडाभर दर दोन तासांनी दाब टिपून ठेवा. हल्ली काही मोबाइल फोनमध्येही दाब मोजण्याची सोय असते, ती वापरली तरी चालेल. मात्र मोजमाप एकाच मजल्यावर करा, कारण साधारण साडेआठ मीटर वर चढले की दाब एक हेक्टोपास्कलने घटतो आणि जिना चढल्याचा परिणाम तुम्ही वादळाच्या नावावर लिहाल. आणखी एक गोष्ट. आपल्याकडे रोज सकाळी दहाच्या सुमारास दाब चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमारास दोन-तीन हेक्टोपास्कलनी उतरतो. रात्री दहाला पुन्हा चढतो, पहाटे चारला पुन्हा उतरतो. हवेच्या या रोजच्या भरती-ओहोटीला घाबरू नका. आलेखावर ती आधी ओळखून घ्या आणि मग पाहा : कालच्या चार वाजताच्या दाबापेक्षा आजच्या चार वाजताचा दाब किती कमी आहे?